आनंदीबाईंचा शोध आणि आपल्या पणज्या

श्रोतेहो, आपल्या पणजीचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? पणजोबांचे नाव पुष्कळांना सांगता येते. श्राद्धाच्या निमित्ताने ते उच्चारले जाते, जमिनीच्या कागदांवर ते असते, जुन्या घराच्या चौकटीवरही क्वचित कोरलेले सापडते. पणजीचे नाव मात्र आठवावे लागते. आणि आठवलेच तर ते सासरचे असते. माहेरी तिला कोणत्या नावाने हाक मारीत, ती कोणत्या गावची, किती शिकली आणि कशाने गेली, हे प्रश्न विचारताच घरातील सर्वांत वयोवृद्ध माणूसही क्षणभर गप्प होतो.

इंग्लंडातील माणसाची या बाबतीत इतकी अडचण होत नाही. राणी व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी राज्यावर आली आणि त्यानंतर अवघ्या दहाबारा दिवसांनी, १ जुलै १८३७ पासून, इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८४१ पासूनच्या शिरगणतीत माणसांची नावे घरवार लिहिली गेली आणि त्या वह्या जपून ठेवण्यात आल्या. त्यामुळे एखाद्या गिरणीत राबणाऱ्या बाईचे आयुष्यही दर दहा वर्षांनी एकदा तरी कागदावर उजळून जाते. आपल्याकडे १८८१ साली देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. निजामाच्या राज्यातही ती त्याच वर्षी झाली. परंतु घरोघरच्या याद्या कोणी राखल्या नाहीत. बेरजा उरल्या, माणसे गेली. त्या बेरजांत आपल्या पणज्या आहेत खऱ्या. पण त्या केवळ एक-एक आकडा म्हणून.

मग हिंदुस्थानातील व्हिक्टोरियाकालीन स्त्रीचा शोध घ्यायचा तरी कशावरून? वंशावळींवरून, असे कोणी सुचवील. पण आपल्या जुन्या वंशावळी बहुधा वतनाच्या आणि इनामाच्या वादांसाठी सिद्ध झालेल्या असत. हक्क पुत्राकडून पौत्राकडे जाई, म्हणून त्यांत पुरुषांचीच उतरंड असते. स्त्रीचे नाव येते ते बहुधा ती विधवा होऊन दत्तक घेते तेव्हा, म्हणजे तिच्या सहीवाचून मालमत्ता पुढे सरकत नाही तेव्हा! विसाव्या शतकात घराण्यांची कुलवृत्ते छापली जाऊ लागली आणि त्यांत पत्नीचे नाव, तिचे माहेर, मुलींची सासरे यांना हळूहळू जागा मिळाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानाखाली पुष्कळदा आईचे वा बायकोचे नाव सापडते. तेवढ्या एका ओळीवरून ती बाई कोणत्या साली हयात होती एवढे तरी कळते.

हा शोध कसा चालतो आणि त्यात काय हाती लागते, हे पाहण्यासाठी आपणां सर्वांच्या परिचयाचे एक चरित्र घेऊ. ते आहे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांची कीर्ती क्षणभर बाजूला ठेवावी आणि १८६५ साली जन्मलेली एक मराठी मुलगी कागदांतून शोधावयाची आहे, एवढेच मनात धरावे.

पहिली अडचण नावाचीच. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे तिचे वडील. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यातील कारकून गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला आणि ‘यमुना’ कागदावरून नाहीशी झाली. तिच्या जागी ‘आनंदी’ आली. सासर-माहेरचे आडनाव एकच, म्हणून येथे ते तरी टिकले. एरवी तेही बदलते. पुढे अमेरिकेत हे आडनाव इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ई’ हे अक्षर दोनदा घातले गेले. कॉलेजचे कागद, चरित्रग्रंथ, थडगे सर्वत्र तेच वळण आहे. इतकेच काय, शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले तेव्हाही तेच कायम राहिले. म्हणजे एकाच स्त्रीसाठी निदान तीन नावे शोधावी लागतात. ज्याला हे ठाऊक नाही तो पहिल्याच पायरीवर अडतो.

दुसरा धागा नवऱ्याच्या नोकरीचा. त्या काळी बाईचा पत्ता म्हणजे पतीचे ठिकाण. गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशा होत गेल्या आणि आनंदीबाईंचे शिक्षण त्या बदल्यांच्या मागोमाग फिरत राहिले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहाच दिवसांत तो गेला. वैद्यकीय मदतीवाचून आलेल्या या मरणातूनच डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा जन्मली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या बाळाच्या नावाने मात्र कोणताही दाखला नाही. ते आईच्या चरित्रातील एका वाक्यात आहे, तेवढेच.

यापुढे कागद एकाएकी बोलू लागतात, आणि ते परदेशात. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे पत्र रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने आपल्या मासिकात छापले. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना तो अंक सहज चाळला आणि त्या अनोळखी मुलीला पत्र घातले. दोघींनी एकमेकींना पाहण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालला. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी मानू लागल्या. एका दवाखान्यात पडलेला जुना अंक हाती आला नसता, तर हे चरित्र आज असे लिहिता आले नसते.

नंतरच्या तारखा अचूक मिळतात. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो याविषयी जाहीर भाषण केले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पतीची सोबत नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी पाठविलेला प्रवेशाचा अर्ज आजही फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना मदत करावयाची आहे, असा त्याचा आशय. त्याच संग्रहात १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आहे. साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या आहेत. यांतील सीरियन विद्यार्थिनीचे नाव निरनिराळ्या कागदांत निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. म्हणजे नावांचा घोळ केवळ आपल्याच स्त्रियांच्या वाट्याला आला होता असे नव्हे.

आता एक मौजेची, पण विचार करावयास लावणारी गोष्ट पाहा. अमेरिकेची शिरगणती दर दहा वर्षांनी होते. १८८० ची झाली तेव्हा आनंदीबाई तेथे पोहोचल्या नव्हत्या. १८९० ची झाली तेव्हा त्या या जगात नव्हत्या. मायदेशी १८८१ च्या गणतीत त्या आल्या असतील तर केवळ बेरजेत. दोन्ही देशांच्या शिरगणत्यांतून ही स्त्री निसटली. तिला राखले ते पत्रांनी आणि कॉलेजच्या दप्तराने.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही केली. परंतु क्षयाने त्यांना गाठले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निधन पावल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता, आणि पदवी मिळून पुरते वर्षही झाले नव्हते. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिच्यावर शिळा उभारण्यात आली. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे तिच्यावर कोरले आहे. परक्या घराण्याच्या पंक्तीत आपल्या एका मुलीचे नाव दगडावर आहे!

तथापि कागद मिळाले म्हणजे माणूस मिळाला, असे समजू नये. कोणता कागद कोणी, कोणासाठी लिहिला हे विचारावेच लागते. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली बोस्टनला प्रसिद्ध केलेले चरित्र अमेरिकन वाचकांसाठी होते. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिले आणि आनंदीबाईंची पत्रे आपल्यापुढे ठेवली. एका मराठी स्त्रीने दुसरीचे कागद जपावेत, हे त्या काळी थोर कार्य होते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ सालची कादंबरी घरोघरी पोहोचली. परंतु कादंबरीतील संवाद हा पुरावा नव्हे. अनेक वाचकांच्या मनातील आनंदीबाई या वस्तुतः कादंबरीतील आनंदीबाई आहेत, हे संशोधकाने विसरता कामा नये.

याची कसोटी एका ठिकाणी लागते. लोकांच्या मनात गोपाळरावांचे चित्र पत्नीला शिकविणाऱ्या विक्षिप्त, पण ध्येयवेड्या पतीचे आहे, आणि ते खोटे नाही. परंतु अमेरिकेतून पतीलाच लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी बालवयात सोसलेल्या माराची आठवण त्यांना करून दिली आहे. हेतूकडे पाहून त्या वागण्याला बरे म्हणावे, की कोवळ्या मनावरील परिणामाकडे पाहून वाईट म्हणावे, असा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडला आहे. कार्पेंटरबाईंना इंग्रजीत लिहिणारी भाची आणि गोपाळरावांना मराठीत लिहिणारी पत्नी, दोघी एकच. पण एकीचेच कागद वाचणाऱ्याला अर्धीच स्त्री भेटेल. कौतुकाच्या भरात हे पत्र झाकणे हा तिच्यावर अन्याय, आणि त्या एकाच पत्रावरून सारे चरित्र काळे करणे हाही अन्यायच. तिने प्रश्न खुला ठेवला. आपणही तो तिच्याच शब्दांत ऐकावा.

आनंदीबाई लिहू शकत होत्या, म्हणून त्या सापडल्या. ज्यांना अक्षर आले नाही त्यांचे काय? आदिलाबाद भागातील मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिकच बिकट होऊन उभा राहतो. १८८० च्या सुमारास ‘आदिलाबाद जिल्हा’ शोधू गेल्यास तो मिळणार नाही. तेव्हा तो सिरपूर-तांडूर म्हणून ओळखला जाई आणि स्वतंत्र जिल्हा झाला तो १९०५ साली. निजामी दप्तर आधी फारसीत, नंतर उर्दूत. गावचा हिशेब कोठे मोडीत, कोठे तेलुगूत. १९५६ साली राजुरा व किनवट हे तालुके येथून निघून मुंबई राज्यात गेले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. घर जागचे हलले नाही. पण त्याचे कागद भलतीकडे गेले. पणजी किनवटची आणि पणजोबा आदिलाबादचे असतील, तर आज दोन राज्यांची कचेरी पाहावी लागते.

याच भागातील गोंड समाजाने यावर फार पूर्वी एक उपाय योजला. त्यांचे परधान किकरी वाजवून आपल्या यजमान कुळांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या गात आले. चार, पाच, सहा वा सात देवांच्या कोणत्या कुळाची मुलगी कोणत्या कुळात दिली, यावर तेथे सोयरिकीची सारी व्यवस्था उभी असते. म्हणून स्त्रीचे माहेर हा तेथे विसरण्याचा विषय होऊच शकत नाही. लिहिता येणाऱ्या आपण घरांनी जे टाकून दिले, ते न लिहिणाऱ्यांनी कंठात सांभाळले.

तेव्हा, श्रोतेहो, फार मोठे काही करावयाचे नाही. घरातील आजीपाशी एक वही घेऊन बसावे. तिचे माहेरचे नाव, आईचे नाव, आजोळचे गाव, भावंडे आणि लग्न कोणत्या दुष्काळाच्या वा पुराच्या साली झाले, हे तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. जन्मून गेलेल्या लेकरांविषयीही हळुवारपणे विचारावे; ती त्यांना विसरलेली नसते. जुनी पत्रे, ट्रंकेतील जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, छायाचित्रामागची तारीख, सारे एकत्र ठेवावे, आणि कोणी सांगितले व केव्हा, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. दोन माणसांनी दोन साले सांगितली तर दोन्ही लिहावीत. आपल्या सोयीचे एक ठेवून दुसरे खोडू नये.

आनंदीबाईंचे पत्र सातासमुद्रापलीकडील एका बाईने जपून ठेवले म्हणून यमुना गणपतराव जोशी या मुलीचा आपणांस पत्ता लागला. आपल्या पणजीला असे कोणी मिळाले नाही. परंतु तिला पाहिलेली, तिच्या मांडीवर वाढलेली एखादी वृद्धा अजून आपल्या घरात असेल, तर ती वही आजच उघडलेली बरी.