आठाचा आकडा

तलाठी भरतीच्या परीक्षेत मराठी आणि इंग्रजी हे विभाग वेगळे असतात, पण शब्दांच्या जाती दोन्हीकडे आठच. हा योगायोग नाही, कारण हा आकडा मुळात ग्रीकांचा आहे. इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी असे आठ गट पाडले होते. रोमनांनी तो साचा उचलला आणि पंचाईत झाली, कारण लॅटिनमध्ये उपपदच नाही. एक गट गळाल्यावर सात उरायला हवे होते. व्याकरणकारांनी केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र मान देऊन आठ भरले! चौथ्या शतकातल्या डोनेटसच्या पुस्तकातून ही मोजणी युरोपभरच्या शाळांत मुरली.

इंग्रजीत उपपद आहे आणि ते पावलोपावली लागते. म्हणून रॉबर्ट लोथने १७६२ साली व लिंडली मरेने १७९५ साली त्याला वेगळी जागा देऊन नऊ जाती मोजल्या. तरी पुढच्या शालेय पुस्तकांत आठच ठरले आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घोकल्या गेलेल्या ‘रेन अँड मार्टिन’मध्ये ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ विशेषणांच्या पोटात गेले. मराठीतही यास्काच्या नाम, आख्यात, उपसर्ग, निपात या चार पदजातींऐवजी इंग्रजी धर्तीची वाटणी रूढ झाली. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले, तेव्हापासून ती वाट रुळली.

यावर कोणी म्हणेल, नवख्याला काही तरी चौकट हवीच, आठ काय नि नऊ काय. चौकट हवी हे खरेच, आणि एकवचनी कर्त्याला कोणते क्रियापद, हे तिच्यातून चांगले शिकताही येते. पण मराठीत उपपद नसल्याने मराठी उमेदवार नेमका ‘द’पाशी अडखळतो, आणि त्याच्या हाती येते ती लॅटिनच्या सोयीने आखलेली, त्याच शब्दाला विशेषणांच्या गर्दीत बसवणारी चौकट. शिवाय परीक्षेत एकच बरोबर पर्याय लागतो, म्हणून सोयीची वाटणी तिथे भाषेचे सत्य होऊन बसते. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात हे शब्द विशेषणांतून काढून निर्धारकांच्या वेगळ्या वर्गात ठेवले आहेत. ते वाचून आलेल्या उमेदवाराने ‘द’ची जात विचारल्यावर ‘विशेषण’ हा पर्याय नाकारला, तर गुण त्याचाच जाईल.