एकादशीच्या ताटातले कॅरिबियन

कॅरिबियन बेटांवर सुट्टी घालवून आलेला एक मित्र तिथल्या कसाव्याच्या भाकरीचे कौतुक सांगत होता. 2025 ची आषाढी एकादशी रविवारी आली, तेव्हा मालाडला आमच्या घरी मी त्याच्यासमोर साबुदाण्याची खिचडी ठेवली. साबुदाणाही कसाव्याच्याच कंदाचा!

मुळात साबुदाणा आग्नेय आशियातील साबूच्या झाडाच्या खोडातून निघे. आपण खातो तो मात्र बहुतांशी तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्यापासून तयार होतो. हा उद्योग तिथे 1940 च्या दशकात उभा राहिला. 1492 मध्ये कोलंबस त्या बेटांवर उतरला, तेव्हा तेथील तायनो लोकांचे मुख्य अन्न हाच कंद होता. खिचडीतल्या मिरचीची युरोपीयांना पहिली ओळख तिथेच झाली.

बटाट्याची कथा याहून गमतीची. पीक अँडीज पर्वतातले, नाव तायनो भाषेतले, आणि त्या भाषेत ते रताळ्याचे! पोर्तुगीजांच्या तोंडून ते मराठीत आले. 1534 पासून 1737 पर्यंत साष्टी, म्हणजे आपले मालाडही, त्यांच्याच ताब्यात होती.

हे ऐकून आजीने विचारले, “मग उपवास मोडला का रे?” मोडला नाही, पण ‘उपवासाचे ते सारे प्राचीन’ हा समज मात्र सोडायला हवा. वरी आणि शिंगाडा तेवढे खरे जुने.

तायनो लोक मात्र सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीची साथ यांमुळे पन्नासेक वर्षांत जवळजवळ संपले. त्यांची भाषा आज कोणी बोलत नाही.