भीतीचे तिकीट

मनोरंजन उद्यानांचे दोन-चार शौकीन एकत्र आले की वाद हमखास तीन मुद्द्यांवर होतो. एकाचे म्हणणे असते, राइड किती आहेत ते आधी सांगा. दिवसभराचे तिकीट काढायचे आणि धड चार पाळण्यांत बसायला मिळू नये, याला काय अर्थ? दुसरा म्हणतो, संख्या राहू द्या, पोटात गोळा आला की नाही? तिसऱ्याला हे दोघेही पोरकट वाटतात. त्याचा सगळा भर देखाव्यावर, कारागिरीवर, आपण घटकाभर दुसऱ्याच जगात गेलो की नाही यावर असतो. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये (१९८९) बालपण रमलेले आणि खोपोलीजवळच्या इमॅजिकात (२०१३) आयुष्यात पहिल्यांदा उलटे लटकलेले, असे दोन्ही पिढ्यांचे लोक आमच्या घरात आहेत. त्यामुळे हा वाद मी पुष्कळ ऐकला आहे.

वैविध्य, भीती आणि दर्जा या तीन कसोट्या नव्या नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर त्या लाकूड, लोखंड आणि विजेच्या दिव्यांत मांडल्या गेल्या. तिथल्या उद्यानमालकांनी आपापली उत्तरे दिली, लाखो लोकांनी तिकिटे काढून कौल दिला. ती उत्तरे आज तपासून पाहिली, की वाद घालणाऱ्यांकडून एक चौथा प्रश्न राहून गेल्याचे लक्षात येते.

मुळात घसरण्याची मौज कोनी आयलंडची नव्हे. सेंट पीटर्सबर्ग परिसरात हिवाळ्यात लाकडी मचाणांवर पाणी ओतून बर्फाच्या उंच घसरगुंड्या तयार करीत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या लावून हा खेळ उभा राहिला. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला अजूनही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत अशी, की रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. अमेरिकेत या खेळाचा पूर्वज कोळशाच्या खाणीतला. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ पासून कोळशाच्या गाड्या उतारावरून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येत. पुढे त्याच रुळांवरून हौशी प्रवासी पैसे देऊन घसरू लागले.

१८८४ च्या जूनमध्ये लामार्कस थॉम्पसन याने कोनी आयलंडवर आपली ‘स्विचबॅक रेल्वे’ उघडली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर. आजच्या हिशेबाने सायकलवाला तिला मागे टाकील. थॉम्पसन सश्रद्ध माणूस होता. दारूच्या गुत्त्यांपासून लोकांना दूर नेणारी निर्मळ करमणूक त्याला हवी होती. भीती वाढवणे हा त्याचा हेतू नव्हताच. पुढे त्याने ‘सीनिक रेल्वे’ काढल्या. त्यांत गाडी रंगवलेल्या बोगद्यांतून आणि उजळलेल्या देखाव्यांतून जाई. म्हणजे दर्जावाल्या पक्षाचा मूळपुरुष म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल.

भीतीच्या पक्षाने उत्तर द्यायला फार वेळ लावला नाही. पॉल बॉयटन याने १८९५ मध्ये कोनी आयलंडवर सी लायन पार्क सुरू केले. कुंपण घालून आणि प्रवेशमूल्य लावून चालवलेले हे तिथले पहिले उद्यान. त्यातली ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ प्रवाशांना चक्क उलटे फिरवी. पण तिची कडी अगदी गोल होती, व्यास सुमारे पंचवीस फूट. सरळ रुळावरून आलेली गाडी गोल कडीत शिरते, त्या क्षणी वळणाचा सगळा भार एकदम अंगावर येतो. गुरुत्वाकर्षणाच्या बारापट जोर तिथे बसत असावा, असा अंदाज बांधला जातो. माना आखडल्या, तक्रारी झाल्या, खेळ टिकला नाही. १९०१ मध्ये आलेल्या ‘लूप द लूप’ने कडी अंडाकृती केली आणि त्रास बराच कमी केला, पण एका गाडीत चारच माणसे बसत, त्यामुळे धंदा जमेना. या खेळाने मालकांना एक वेगळीच गोष्ट शिकवली. आत बसणाऱ्यांपेक्षा बाहेर उभे राहून बघणारे जास्त होते, आणि ते बघण्याचेही पैसे देत होते. दुसऱ्याला घाबरताना पाहणे हीसुद्धा विकण्याजोगी वस्तू आहे, हा शोध माझ्या मते त्या काळातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा ठरला.

त्याचा पुरेपूर उपयोग जॉर्ज टिल्यू याने केला. त्याचे स्टीपलचेस पार्क १८९७ चे. तो वैविध्यवाला. एकत्रित तिकीट काढायचे आणि फिरत्या पिंपापासून डळमळत्या जिन्यापर्यंत हवे ते करायचे. मुख्य आकर्षण म्हणजे लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या लाकडी घोड्यांची शर्यत. घोड्यावर जोडप्याने बसता येई, म्हणजे ओळख नसली तरी बिलगण्याला सबब मिळे. शर्यत संपवून बाहेर पडताना प्रवासी एका छोट्या रंगमंचावर येत. तिथे जमिनीतून वाऱ्याचा झोत सुटे, बायकांचे झगे उडत, टोप्या उडत, विदूषक काठीने टोचे. ही फजिती झाली की त्याच माणसांना प्रेक्षकांत बसून मागून येणाऱ्यांची फजिती पाहायला मिळे. १९०७ मध्ये उद्यान जळाले, तेव्हा टिल्यूने धुमसते अवशेष पाहण्यासाठी दहा सेंट लावले. अशा माणसाला वैविध्याची चिंता करण्याचे कारण नव्हते.

फ्रेडरिक थॉम्पसन (लामार्कसशी याचा संबंध नाही) आणि एल्मर डंडी या जोडीने १९०३ च्या मे महिन्यात ल्यूना पार्क उघडले. त्यांचा विश्वास गुंगीवर होता. ‘चंद्राची सफर’ हा त्यांचा गाजलेला खेळ. पंख हलवणाऱ्या जहाजात बसवून, सरकती चित्रे आणि वारा यांच्या मदतीने प्रवाशांना पृथ्वीपासून दूर नेत आणि चंद्रावर उतरवत. अडीच लाख दिव्यांनी झगमगणारे मनोरे हा खेळाचाच भाग होता. वर्षभरात, १९०४ मध्ये, विल्यम रेनॉल्ड्स या राजकारण्याने समोर ड्रीमलँड उभारले. तिथे शुभ्र इमारती, ३७५ फूट उंच मनोरा आणि दहा लाख दिवे होते. दर्जा म्हणजे भव्यता, असे त्याचे समीकरण. पण पैसा ओतूनही ड्रीमलँडला ल्यूनाची लोकप्रियता गाठता आली नाही. लोकांना डोळे दिपवणारी वास्तू नको होती, अंगाला झोंबणारा अनुभव हवा होता.

इथवरची कहाणी शौकिनांना मान्य होईल. पण या उद्यानांत आकर्षण म्हणून जे ठेवले होते, ते सगळेच यंत्र नव्हते. ल्यूना पार्कचे बांधकाम चालू असताना, ४ जानेवारी १९०३ रोजी, टॉप्सी नावाच्या हत्तिणीला तिथे मारण्यात आले. आदल्या वर्षी तिने एका माणसाचा जीव घेतला होता. तिकीट लावून फाशी देण्याचा मालकांचा बेत होता. प्राण्यांवरील अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने हरकत घेतल्यावर तो बदलला. विष, वीज आणि गळ्याभोवतीचा दोर यांचा एकत्र प्रयोग झाला. एडिसनच्या कंपनीने त्याचे चित्रीकरण केले आणि मरण दाखवून पैसे मिळवण्याची सोय झालीच.

माणसांचीही गत फार निराळी नव्हती. १९०५ मध्ये फिलिपीन्समधील बोंतोक इगोरोत लोकांना ल्यूना पार्कमध्ये ‘रानटी’ म्हणून मांडले गेले. त्यांना आणणाऱ्या ट्रुमन हंट याला पुढच्या वर्षी त्यांचीच मजुरी लाटल्याच्या आरोपावरून अटक झाली. ड्रीमलँडमध्ये ‘लिलिपुशिया’ या नावाने बुटक्या माणसांचे छोटे शहर वसवले होते. त्यांच्या अग्निशामक दलाला मुद्दाम खोट्या आगींसाठी धावायला लावीत, कारण पाहुण्यांना ते पळताना बघायचे असे.

आणि यात आपलाही एक धागा आहे. जानेवारी १९०३ मध्ये कर्झनने दिल्लीत दरबार भरवला. १९०४ मध्ये ल्यूना पार्कने त्याची नक्कल उभी केली. हत्ती, उंट, मिरवणूक आणि हिंदुस्थानातून आणलेली माणसे. कोनी आयलंडवर त्या काळात हिंदी नर्तकी आणि गारुडी दाखवले जात. ते पाहून रूथ सेंट डेनिस हिला प्रेरणा मिळाली आणि १९०६ मध्ये तिचे ‘राधा’ हे नृत्य रंगमंचावर आले. अमेरिकी आधुनिक नृत्याच्या इतिहासात रूथचे नाव ठळक अक्षरांत आहे. ज्यांचे पाहून ती शिकली, त्यांचा उल्लेख ‘नाच-गर्ल्स’ एवढ्याच दोन शब्दांत उरतो.

या बाजारातली सर्वांत विलक्षण खोली मात्र मार्टिन कूनी याची. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे तो काचेच्या उबदार पेट्यांत ठेवी आणि पाहणाऱ्यांकडून पंचवीस सेंट घेई. बहुतेक इस्पितळांत त्या वेळी अशा पेट्या नव्हत्या. अशी बाळे जगत नाहीत, असेच धरले जाई. कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नसे; दाया, परिचारिका, दूध, कोळसा हा सगळा खर्च तिकिटांतून निघे. १९०३ पासून १९४३ पर्यंत कोनी आयलंडवर हे प्रदर्शन चालले. त्याच्याकडे आलेल्या सुमारे ८,००० बाळांपैकी ६,५०० जगली, असा आकडा सांगितला जातो. जिवंत माणूस मांडून पैसे घेणे हाच प्रकार. पण इथे तिकिटाचा पैसा मांडलेल्या जिवाकडे परत जात होता. इगोरोतांच्या झोपड्यांत आणि या पेट्यांत फरक होता तो एवढाच, आणि तो पुरेसा होता.

ड्रीमलँडमध्ये ‘फायटिंग द फ्लेम्स’ नावाचा खेळ होता. खोट्या इमारतीला आग लागे, माणसे खिडक्यांतून उड्या मारत, बंब येत, प्रेक्षक टाळ्या वाजवत. २७ मे १९११ च्या पहाटे, हंगाम सुरू होण्याच्या दिवशीच, ‘हेल गेट’ या नरकदर्शन घडवणाऱ्या राइडमध्ये डागडुजी चालू होती. दिवे गेले, अंधारात तापल्या डांबराची बादली कलंडली. सकाळपर्यंत संपूर्ण ड्रीमलँड राख झाले होते. पेट्यांतली बाळे सुखरूप बाहेर काढली गेली. पिंजऱ्यांतली कितीतरी जनावरे मेली. आयाळ पेटलेला एक सिंह एका राइडच्या रुळांवर चढला आणि पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. खोट्या नरकाने खरी आग लावली, म्हणून धर्मोपदेशकांना विषय मिळाला. मला त्यात दिसते ती रात्रपाळीत घाईघाईने काम करणारी माणसे, लाकूड-गिलाव्याच्या इमारती आणि उद्घाटनाची तारीख चुकू नये म्हणून चाललेली धावपळ.

भीतीला भरवशाचा पाया मिळाला तो निराळ्याच हातांनी. जॉन मिलर या अभियंत्याने १९१९ मध्ये रुळाच्या खालूनही पकड घेणाऱ्या चाकाचे पेटंट मिळवले. गाडी आता रुळावरून उचलली जाऊ शकत नव्हती. म्हणूनच उतार अधिक तीव्र करता आले. सुरक्षितता वाढली तशी भीती वाढवता आली. १९२७ च्या जूनमध्ये उघडलेला ‘सायक्लोन’ हे त्याचे फळ. पहिला उतार ८५ फुटांचा, जवळजवळ साठ अंशांचा, वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर.

नंतरचा इतिहास भरभर सांगता येतो. वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडून दर्जावाल्यांची बाजू जिंकली. त्याच्या तिकिटांच्या पुस्तिकेत राइडना अ-ब-क अशा श्रेणीच दिलेल्या होत्या. १९५९ पासून सर्वांत वरची श्रेणी ‘ई’. १९७६ मध्ये मॅजिक माउंटनच्या ‘रेव्होल्यूशन’ने थेंबाच्या आकाराची कडी वापरून फ्लिप फ्लॅपचा मानमोड प्रश्न सोडवला. १९७८ मध्ये ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ ही शौकिनांची संघटना स्थापन झाली आणि तिन्ही पक्षांच्या वादाला कायमची बैठक मिळाली. न्यू जर्सीचा ४५६ फुटी ‘किंगडा का’ २००५ मध्ये आला, जगातला सर्वांत उंच म्हणून मिरवला, आणि २०२५ मध्ये पाडलाही गेला. ८५ फुटांचा सायक्लोन अजून धावतो. सत्तरच्या दशकात तो पाडून मत्स्यालय वाढवायचा विचार होता. लोकांनी मोहीम करून तो वाचवला आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसा-वास्तूचा दर्जा दिला.

भीतीचे तिकीट काढणाऱ्याला एक हक्क मिळतो : दोन मिनिटांनी उतरून हसत घरी जाण्याचा. तो हक्क टॉप्सीला नव्हता, इगोरोतांना नव्हता, लिलिपुशियाच्या बंबवाल्यांना नव्हता. म्हणून राइड किती, भीती किती आणि सफाई किती, या तीन प्रश्नांच्या यादीत मी चौथा घालतो : या खेळात तिकीट न काढता कोण सामील आहे, आणि त्याला काय मिळते? आज त्या जागी रुळ तपासणारा कामगार असेल, उन्हात कार्टूनचा पोशाख घालून नाचणारा तरुण असेल. कुठल्याही उद्यानाला गुण देताना हा रकाना कोरा सोडू नये. कूनीच्या पेट्यांनी तो भरून दाखवला होता.