रुमालाखालचा भाव

दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत. आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. देशातील धान्यबाजारांची ही जुनी रीत. दुसऱ्यांनी काय भाव देऊ केला, हे त्याला कधीच कळत नसे. १९२८ साली शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात बाजाराचा कायदा १९३० साली झाला.

मुंबईच्या शेअरबाजारात रुमाल नव्हता, आरडाओरडा होता. रिंगणाबाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच! १९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजाराने व १९९५ साली मुंबईच्या बाजाराने सौदे पडद्यावर आणले. एका बाजूस खरेदीदारांची मागणी, दुसऱ्या बाजूस विक्रेत्यांची. चांगला भाव आधी, भाव सारखा असल्यास आधी आलेला आधी. आता संगणक या वहीचे चित्रच काढतो. आडवा काळ, उभा भाव, आणि जेथे नोंदी दाट तेथे रंग गडद.

मात्र गडद रंग म्हणजे खरे गिऱ्हाईक, असे आम्ही मानीत नाही. मोठी मागणी नोंदवून सौद्याआधी ती काढून घेण्याची लबाडी बंदी असूनही चालते.

आणि आमच्या सोयाबीनचे काय? त्याच्या वायद्यांची अशीच वही होती. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने ते वायदे स्थगित केले, स्थगिती पुढे वाढवीत नेली. आणि कळंब-उमरग्याच्या शेतकऱ्यासमोरची ती वही मिटली.