आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? कामगाराच्या चौकशीच्या हक्काचा इतिहास

"युनियन चोरांना पाठीशी घालते." हे वाक्य आता फक्त मालकाच्या तोंडी राहिलेले नाही. आपल्यातली शिकलेली, नोकरीला लागलेली मुलेही तेच बोलतात. एखादा कंडक्टर अपहाराच्या आरोपात निलंबित झाला आणि युनियनचा माणूस त्याच्यासोबत चौकशीला गेला, की लोक म्हणतात, "बघा, चोराची बाजू घेतली."

मित्रहो, युनियन तिथे चोरीची बाजू घ्यायला जात नाही. आरोप लेखी द्या, कागद दाखवा, साक्षीदार समोर आणा, आमचे ऐका आणि मग निकाल द्या, एवढे सांगायला ती जाते. हा हक्क आभाळातून पडलेला नाही. त्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासात बाबासाहेब आहेत. दुर्दैवाने आपण बाबासाहेबांना कामगारमंत्री म्हणून फक्त कामाच्या आठ तासांपुरते आठवतो.

जॉबरचा शब्द हाच कायदा

मुंबईच्या गिरणीत एकेकाळी जॉबर माणूस कामाला लावायचा आणि तोच काढायचा. दस्तुरी दिली नाही, उलट बोलला, एवढे कारण पुरत असे. काय केले तर दंड, काय केले तर हकालपट्टी, हे मालक एकतर्फी ठरवत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपानंतर नेमलेल्या फॉसेट कमिटीसमोर मजुरीबरोबर हा 'स्थायी आदेशां'चा, म्हणजे स्टँडिंग ऑर्डरचा प्रश्नही होता. कामगारांना पगाराइतकेच हेही हवे होते, की नियम आधी लिहिलेले असावेत.

त्याच काळात बाबासाहेब संपाच्या पुढाऱ्यांना दुसरा प्रश्न विचारत होते. विणकाम खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही? धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून बाट होतो, हे त्यामागचे कारण. तिथे अस्पृश्य कामगाराने काही केलेलेच नव्हते. त्याच्यावर आरोप नव्हता, चौकशी नव्हती, निकाल मात्र जन्माआधीच लागलेला होता. मालकाची मनमानी आणि जातीची मनमानी या दोन्हींशी एकाच वेळी लढायचे, हे बाबासाहेबांचे कामगार राजकारण होते.

१९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या औद्योगिक विवाद विधेयकात स्थायी आदेश नोंदवण्याची तरतूद होती. पण त्याच विधेयकाने संप करणे गुन्हा ठरत होते. म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. नियम हवेत, पण कामगाराचा हात बांधून नकोत, ही ती भूमिका. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईतला तो कायदाही इथल्या मजुराला लागू नव्हता.

१९४६ चा कायदा

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला नियम लेखी करून सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक झाले. गैरवर्तन कशाला म्हणायचे, निलंबन आणि बडतर्फी कशी होणार, अन्याय झाला तर दाद कुठे मागायची, हे त्यात लिहिणे भाग पडले. पुढे महाराष्ट्रात ही मर्यादा ५० कामगारांवर आली.

संविधानात कलम ३११ आले. सरकारी नोकराला आरोप कळवून, बाजू मांडायची संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, हा सर्वसाधारण नियम झाला. मात्र हे संरक्षण महामंडळाच्या नोकराला मिळत नाही. एसटीचा कामगार दिसतो सरकारी, पण कलम ३११ च्या छत्राखाली येत नाही. त्याच्यासाठी महामंडळाचे शिस्तीचे नियम आणि कामगार कायदे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचा मोठा संप सुरू झाला. विलीनीकरणाची मागणी पगारासाठी होती तशीच नोकरीच्या सुरक्षेसाठीही होती. संपात हजारो कामगार निलंबित आणि बडतर्फ झाले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत हजर होणाऱ्यांना कामावर घ्यायला सांगितले. हजारोंवरची कारवाई अशी मागे घेतली जाते. पण एरवी एकट्या कंडक्टरवर जी कारवाई होते, तिच्यासाठी कोण रस्त्यावर येतो?

कंडक्टर आणि पायलट

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरियाणाच्या एका बस कंडक्टरचा खटला गेला. तपासणी पथकाला विनातिकीट प्रवासी सापडले. त्या प्रवाशांचे जबाब नोंदवलेच नव्हते. तरी बडतर्फी कायम राहिली. खातेनिहाय चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे थोडक्या पुराव्यावर माणसाची नोकरी जाते. मग उलटतपासणी करणारा, कागद मागणारा कोणी सोबत असणे किती गरजेचे?

विमानाच्या पायलटचे उदाहरण घ्या. उड्डाणाआधी त्याची श्वासचाचणी होते. दारू आढळली तर काही वेळाने पुन्हा चाचणी घेऊन खात्री केली जाते. पहिल्या वेळी परवाना ३ महिने निलंबित, दुसऱ्या वेळी ३ वर्षे, तिसऱ्या वेळी रद्द. शेकडो जीव त्याच्या हातात असतात म्हणून नियम कडक आहे, पण कडक असूनही लिहिलेला आहे, पायरीपायरीचा आहे. कोणी म्हणत नाही की पायलटला दुसरी चाचणी दिली म्हणजे दारुड्याला पाठीशी घातले. मग एसटीच्या ड्रायव्हरने तेवढेच मागितले की ते लाड कसे होतात?

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की व्यवस्थापनाच्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी उभे करायचे आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारायचा, ही चौकशी न्याय्य नाही. पण प्रतिनिधी आपोआप मिळत नाही. तो कायद्यात किंवा स्थायी आदेशात असेल तेवढाच मिळतो, हेही न्यायालयाने १९९२ मध्ये क्रेसेंट डाईज खटल्यात सांगितले. म्हणून नियम लिहिताना युनियन हजर लागते.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा कायद्याने इथे मोठे काम केले. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाई करून बडतर्फ करणे, किरकोळ चुकीला भयंकर शिक्षा देणे, याला त्याने अनुचित प्रथा ठरवले. त्याच्या कलम २२ ने मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या चौकशीत हजर राहण्याचा हक्क दिला. आपल्या छोट्या आंबेडकरी संघटनांसाठी हे कलम म्हणजे केवढी ताकद! आपण ते किती वेळा वापरले?

आरोप कोणाला चिकटतो?

आता मूळ मुद्दा. जातीच्या समाजात आरोप सगळ्यांना सारखा चिकटत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच आरोपी केले. कायदा १९५२ मध्ये गेला, पण आपल्या जिल्ह्यात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पारध्यांच्या पालावर जाते. आपल्या माणसाची चूक झाली की तिला 'आरक्षणवाला' हे विशेषण लागते. ज्याची ओळख वर साहेबाशी आहे, त्याचे प्रकरण चहावर मिटते. ज्याचे वर कोणी नाही, त्याला लिहिलेला नियमच वाचवतो. म्हणून चौकशीचा हक्क हा आपल्यासाठी समतेचाच प्रश्न आहे.

आणि ज्यांच्यासाठी नियम लिहिलाच गेला नाही, ते तर आपल्या घरातलेच आहेत. आजारी पडून ऊसतोडीला एक दिवस गेले नाही की मुकादम खाडा धरतो, दंड लावतो, उचलीतून वळता करतो. इथे आजारपण हेच गैरवर्तन, मुकादम हाच फिर्यादी आणि तोच न्यायाधीश. कारखाना म्हणतो, हा आमचा कामगारच नाही. १९२८ चा जॉबर २०२५ मध्येही बीडच्या फडात उभा आहे.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० कामगारांपासून पुढे. जिनिंगमध्ये, पेट्रोल पंपावर, खासगी दवाखान्यात ३०० कामगार कुठून असणार? ज्या १९४६ च्या कायद्यामागे बाबासाहेब उभे होते, तो मोडीत निघाला आणि आपल्या एकाही व्यासपीठावर त्यावर भाषण झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

पीडितेचे काय?

कोणी विचारेल, आरोपी सवर्ण अधिकारी असेल, जातिवाचक छळ किंवा लैंगिक छळ केला असेल, तरी त्याला हे हक्क द्यायचे? हो, द्यायचे. कच्च्या चौकशीवर दिलेली बडतर्फी न्यायालयात टिकत नाही. तो माणूस मागच्या पगारासह परत येतो आणि तक्रारदार बाईसमोर खुर्चीत बसतो. पक्की चौकशी पीडितेच्याही फायद्याची असते.

शेवटी आपल्या संघटनांकडे पाहू. व्हॉट्सॲपवर एक मजकूर टाकून कार्यकर्त्याला 'गद्दार' म्हणून काढले जाते. कोणता आरोप, कोणी केला, त्याचे म्हणणे काय, काही नाही. आपण तर बुद्धाच्या संघाचा वारसा सांगतो. विनयातील वाद मिटवण्याच्या सात पद्धतींत पहिली सम्मुखाविनय आहे, म्हणजे निर्णय संबंधितांच्या समोर व्हावा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या या सभानियमांचा अभिमानाने उल्लेख केला होता. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूला जे मिळत होते, ते आपल्या कार्यकर्त्याला का मिळू नये?

कामावर असलेल्या मित्रांनी एवढे करावे. आरोपपत्र हातात पडले की रागाने राजीनामा लिहू नका आणि 'माफी लिहून दे, मिटवतो' याला भुलू नका. आरोपाचे कागद लेखी मागा. सोबत प्रतिनिधी मागा. निलंबन भत्ता घ्या, तो उपकार नाही. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगून ठेवले आहे. प्रत्येक तालुक्यात चौकशीला सोबत जाऊ शकतील असे दोन कार्यकर्ते तरी तयार करा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा त्यांच्या प्रशिक्षणाला द्या. बाबासाहेबांच्या हातातले संविधान पुतळ्यापुरते ठेवायचे, की चौकशीच्या टेबलावर उघडायचे, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!