किशोरविकास आणि लातूर पॅटर्न
जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार 10 ते 19 वर्षे हे वय म्हणजे किशोरावस्था. या काळात भावनांना उधाण येते. त्यांना आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो.

लातूर-नांदेडमध्ये हजारो मुलांचे हे वय घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत सरते. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून नावारूपाला आलेल्या, सराव परीक्षांवर उभ्या ‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण मुलांना वैद्यकीय-अभियांत्रिकीची दारे उघडली, हे त्याचे मोठेच श्रेय. पण दहावी होताच गाव सोडलेल्या मुलाला विषयाच्या शिक्षकाइतकाच विचारपूस करणारा शिक्षकही लागतो.

झोपेचा प्रश्न तर सर्वांत दुर्लक्षित. वयात येताना झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते आणि गरज असते 8 ते 10 तासांची. त्यात पहाटेची शिकवणी म्हणजे झोपेवरच घाला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014मध्ये किशोरांच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत, असे सुचवले. महाराष्ट्राने 2024मध्ये सकाळी 9 नंतरची वेळ ठरवली, ती चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी.

त्याच वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी 16 वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश नको, साप्ताहिक सुटी द्यावी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नये, असे बजावले.