केसलापूरचा दरबार

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीजवळचे केसलापूर हे गाव इतके लहान की, एरवी त्याची वाट विचारण्याचे प्रयोजन फारसे कोणाला पडत नाही; परंतु पौष अमावास्येच्या मध्यरात्री तेथे नागोबाची महापूजा होते आणि तेलंगणातलेच नव्हे, तर चंद्रपूर-यवतमाळकडचे गोंड आणि परधानही त्या माळावर लोटतात. पूजेचा मान एकट्या मेश्राम कुळाचा. त्या कुळाची माणसे अनवाणी जाऊन हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे जल झारीत भरून आणतात, सिरिकोंड्याच्या कुंभारांनी घडविलेली मडकी पूजेला घेतात, वडांच्या छायेत मुक्काम करतात आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांना शुभ्र वस्त्रे नेसवून देवापुढे नेतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात, आणि तो झाल्यावाचून सुनेला कुळाच्या देवकार्यात स्थान नाही.

हे सारे पुरातन. याच जत्रेत भरणारा दरबार मात्र अगदी अर्वाचीन आहे.

निजामाच्या अमदानीत राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही पट्टा हाती नसलेले गोंड स्वतःच्याच शेतात अतिक्रमणदार ठरले, आणि 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा बंडखोर पुढारी कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, तेव्हा कोठे ही रयत बिथरली का याची चौकशी करण्याची सुबुद्धी सरकारला झाली. ते काम आले क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे. व्हिएन्नात 1909 साली जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ जर्मन पारपत्रामुळे महायुद्धात ब्रिटिशांच्या लेखी शत्रुपक्षीय ठरले होते आणि हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडण्याची त्यांना मनाई होती. सक्तीचा मुक्काम एखाद्या प्रांताला इतका लाभदायक ठरल्याची उदाहरणे विरळाच! मारलवाई या गोंड वस्तीत राहून त्यांनी ओळखले की, तहसील कचेरीपर्यंत गोंडाची फिर्याद पोचत नाही. मग जेथे सारी जमात आपण होऊन जमते, तेथेच अंमलदारांनी का जाऊ नये? अशा रीतीने 1940 नंतरच्या दशकात जत्रेला दरबार जोडला गेला. जमाबंदीच्या दौऱ्यावर अंमलदार पूर्वीही फिरत असत, परंतु मुक्काम आणि तारीख ते स्वतः ठरवीत. येथे दोन्ही देवाच्या पंचांगाने ठरतात, आणि या प्रथेतील खरी बुद्धिमत्ता माझ्या मते हीच.

याच काळात ‘लावणी खास’ नियमांखाली गोंड-कोलामांना जमिनी मिळू लागल्या. पुढील काही वर्षांत हे क्षेत्र सुमारे 1,60,000 एकरांवर गेले. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या मुलकी सेवेत याच जिल्ह्यात होते, आणि रयतेची फिर्याद दुभाष्याच्या तोंडून ऐकण्यात समाधान न मानता त्यांनी गोंडी भाषा आत्मसात केली, इतकेच नव्हे तर तिचे व्याकरणही लिहिले.

दरबाराने सगळेच प्रश्न सुटले असते, तर केसलापूरच्या शेजारीच, इंद्रवेल्लीला, 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला नसता. तरीही दरबार टिकला. आता जिल्हाधिकारी आणि मंत्री तेथे येऊन बसतात. नागोबाचे नवे दगडी देऊळ मेश्रामांनी कुळातल्या वर्गणीतून बांधून 2022 मध्ये पुरे केले. पट्ट्यांचे अर्ज मात्र दरबारात अजून येतच आहेत.